जुनं इंग्लिश पॅरिश चर्च कसं वाचायचं: बर्फर्डचं उदाहरण घेऊन सविस्तर

इंग्लंडमध्ये फिरायला आलेली किंवा इथेच स्थायिक झालेली आपली मंडळी खेड्यातल्या जुन्या चर्चपाशी थांबतात, बाहेरून एक फोटो काढतात, आत डोकावतात, "किती शांत आहे ना" म्हणतात आणि पाच मिनिटांत परत गाडीत. मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या गावाबद्दल जे काही कळण्यासारखं असतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्या एका इमारतीत असतं, आणि ते कळायला आर्किटेक्चरची डिग्री लागत नाही, फक्त कुठे बघायचं आणि कुठल्या क्रमाने बघायचं एवढं माहीत असलं की झालं.

सगळ्यात आधी एक सवय सोडायची. "हे चर्च किती साली बांधलं?" हा प्रश्नच विचारायचा नाही. जुनं पॅरिश चर्च, म्हणजे एका गावाचं किंवा वस्तीचं स्वतःचं चर्च, एका साली बांधलेलं नसतंच. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात कसं, आजोबांनी चौक बांधला, मग कुणीतरी माडी चढवली, मग भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मधलं दार बुजवलं, तसंच हे. प्रश्न विचारायचा तो असा: ही भिंत, ही खिडकी, हा टॉवर कोणी पैसे देऊन उभा केला, आणि त्याला त्या वेळी याची गरज का वाटली? हा एक प्रश्न धरून ठेवला की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं.

उदाहरणाला मी ऑक्सफर्डशायरमधल्या बर्फर्डचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च घेतोय, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक काळाचा थर आहे, आणि जिथे दुसऱ्या गावातलं उदाहरण जास्त चांगलं आहे तिथे ते देतो.

जाण्याआधी

बरीचशी चर्च दिवसा उघडी असतात, पण सगळी नाही, म्हणून त्या पॅरिशच्या वेबसाइटवर वेळ बघून घ्या आणि रविवारी सकाळी प्रार्थनासभेच्या वेळेला कॅमेरा घेऊन घुसू नका, ते लोकांचं चालतं प्रार्थनास्थळ आहे. हिस्टॉरिक इंग्लंड या जुन्या वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या ऑनलाइन यादीत चर्चचं नाव टाकलं की कुठला भाग साधारण कुठल्या शतकातला याची नोंद मिळते, ती वाचा, पण माझं ऐकाल तर आधी स्वतः बघून मग वाचा. आधी वाचलं की डोळे आळशी होतात.

सोबत घ्यायचं काय, तर चांगला टॉर्च, छोटी दुर्बीण, कागद, पेन्सिल आणि दोन-तीन रंगीत पेनं. टॉर्च कशाला ते पुढे येईल. दाराला लोखंडी कडी असेल तर ती फिरवून बघा, नुसतं ढकलून उघडलं नाही म्हणून बंद आहे असं समजून परत फिरू नका, ती दारं जड असतात. आणि आतून किंवा बाहेरून जाळीचं हलकं दार असेल तर ते आठवणीने लावून घ्या, पक्षी आत गेला की अडकून मरतो.

पहिलं काम: बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा

लगेच आत जायचं नाही. आधी बाहेरून एक पूर्ण चक्कर, आणि दर कोपऱ्यावर थांबून. चर्च साधारणपणे पूर्व-पश्चिम असतं, वेदी पूर्वेला, त्यामुळे दिशा लगेच कळतात. लांब मुख्य भाग म्हणजे नेव्ह, तिथे गावकरी जमायचे. पूर्वेकडचा बहुतेकदा थोडा बुटका आणि अरुंद भाग म्हणजे चॅन्सेल, तो धर्मगुरूचा. नेव्हच्या दोन्ही बाजूंना पडवीसारखे जे भाग असतात ते आइल.

इथे एक गोष्ट कळली की अर्धं कोडं सुटतं. मध्ययुगात चॅन्सेलच्या दुरुस्तीचा खर्च रेक्टरकडे असायचा, म्हणजे पॅरिशचा दशांश कर ज्याला मिळायचा त्याच्याकडे, आणि नेव्हचा खर्च गावकऱ्यांनी करायचा. म्हणून कित्येक ठिकाणी नेव्ह उंच, झकपक, मोठ्या खिडक्यांचं आणि त्याला चिकटलेलं चॅन्सेल साधं, दोनशे वर्षं जुन्या पद्धतीचं दिसतं. रेक्टर म्हणजे एखादा लांबचा मठ असेल तर तो इथे कशाला पैसे घालेल? सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बंद केले तरी ही जबाबदारी जमिनीबरोबर पुढे चालत राहिली, इतकी की वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कॅन्टलो गावात एका जोडप्यावर वारशात आलेल्या शेतजमिनीपायी चॅन्सेलचं बिल आलं, आणि २००३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते त्यांनीच भरायचं असा निकाल दिला.

आता भिंती बघा. दगड कुठला आहे, सगळीकडे एकच आहे का, थर सरळ आहेत का. एखाद्या ठिकाणी उभी सरळ रेघ दिसली, म्हणजे दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत गुंतलेलेच नाहीत, तर तिथे एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालंय हे नक्की. भिंतीत बुजवलेली कमान, अर्धवट कापलेली खिडकी, मध्येच वेगळ्या रंगाचा दगड, हे सगळं कागदावर टिपून ठेवा. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये ब्रिक्सवर्थला कमानींमध्ये चपट्या लाल विटा दिसतात, त्या रोमन काळातल्या आहेत, सॅक्सन लोकांनी, म्हणजे नॉर्मन येण्याआधी इंग्लंडमध्ये असलेल्यांनी, पडक्या रोमन इमारतींमधून उचलून वापरल्या. डरहॅम परगण्यात एस्कमचं छोटंसं सातव्या शतकातलं चर्च तर जवळच्या बिन्चेस्टरच्या रोमन किल्ल्याच्या दगडांचं आहे.

टॉवरकडे आल्यावर कोपऱ्याचे दगड बघा. एक उभा लांब, एक आडवा आखूड, परत उभा, परत आडवा, अशी रचना असेल तर ते १०६६ च्या, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्याच्या, आधीचं सॅक्सन काम असण्याची दाट शक्यता. अर्ल्स बार्टन आणि बार्टन-अपॉन-हंबर इथले टॉवर याची उत्तम उदाहरणं, भिंतीवर दगडी पट्ट्यांची नक्षी, वर त्रिकोणी डोक्याच्या कमानी. बार्टनच्या टॉवरचा खालचा भाग सॅक्सन आणि त्याच्या डोक्यावर नॉर्मन पद्धतीचा मजला, यावरूनच १८१९ मध्ये थॉमस रिकमन या आर्किटेक्टने खालचं काम नॉर्मनांच्या आधीचं हे दाखवून दिलं. म्हणजे त्याने वापरलं ते साधं तर्कशास्त्र, जे खाली आहे ते आधीचं, आणि तेच आपणही वापरायचं.

टॉवरच्या नेव्हकडच्या बाजूवर एक खूण आवर्जून शोधा, माझी सगळ्यात आवडती. दगडात उलट्या व्ही सारखी तिरकी रेघ दिसते, सध्याच्या छपराच्या बरीच वर. ते जुन्या छपराचं ठिकाण. आधी उंच, उतरतं, बहुतेकदा गवताने शाकारलेलं छप्पर होतं, नंतर गावाकडे पैसे आले, शिशाचे पत्रे घालून छप्पर चपटं केलं, बरेचदा नेव्हच्या भिंती उंच करून वर खिडक्यांची एक रांग बसवली, आणि आधीच्या छपराची ही कड टॉवरवर तशीच राहिली. एका रेघेत गावाची आर्थिक परिस्थिती कळते.

बर्फर्डला टॉवरचा खालचा भाग ११७५ च्या सुमाराचा, नॉर्मन, गोल कमानींचा, आणि त्याच्यावर जी उंच टोकदार स्पायर आहे ती पंधराव्या शतकातली. खाली उभं राहून वर बघितलं की जड, जाड भिंतीवर अचानक ती निमुळती शंकूसारखी स्पायर सुरू होते ते स्पष्ट दिसतं. मधली अडीचशे-पावणेतीनशे वर्षं म्हणजे कॉट्सवोल्ड्सच्या, या टेकड्यांच्या मुलखाच्या, लोकरीचा काळ. इथल्या मेंढ्यांची लोकर फ्लँडर्स आणि इटलीपर्यंत जायची आणि तो पैसा व्यापाऱ्यांनी चर्चमध्ये ओतला.

खिडक्या: इथे घाई करू नका

काळ ओळखायला खिडकी हा सगळ्यात सोपा पुरावा, पण सगळ्यात फसवाही. मध्ययुगीन कामाला नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर अशी जी चार नावं आजही चालतात ती त्याच रिकमनने १८१७ मध्ये रूढ केली. साल घोकत बसू नका, आकार ओळखा.

लहान, अरुंद, गोल डोक्याची, जाड भिंतीत खोल बसलेली खिडकी, आजूबाजूला कधी वाकड्यातिकड्या झिगझॅगची नक्षी, ती नॉर्मन, म्हणजे साधारण ११९० पर्यंतची. मग डोकं टोकदार होतं, पण खिडकी अजून उंच आणि सडपातळ, आत नक्षी नाही, एकटी किंवा तिघी शेजारी शेजारी, त्यांना लॅन्सेट म्हणतात, ती अर्ली इंग्लिश, तेराव्या शतकातली. त्यानंतर रुंद खिडकी, आत दगडाचे उभे दांडे आणि वरच्या भागात त्या दांड्यांची वर्तुळं, पाकळ्या, आणि १३०० नंतर तर ज्योतीसारखे वळणावळणाचे आकार, ते डेकोरेटेड. आणि शेवटी पर्पेंडिक्युलर, उभे दांडे न वळता सरळ कमानीपर्यंत जाऊन भिडतात, सगळी खिडकी जाळीदार चौकटीसारखी, भिंत कमी आणि काच जास्त. ही पद्धत १३३० च्या दशकात ग्लॉस्टरच्या मठाच्या चर्चच्या कामात ठळक दिसायला लागते आणि जवळपास दोनशे वर्षं टिकते, दुसऱ्या कुठल्याच शैलीला इतकं आयुष्य मिळालं नाही.

डेकोरेटेडकडून पर्पेंडिक्युलरकडे जाण्याच्या काळातच १३४८-४९ ची प्लेगची साथ आली. कित्येक चर्चमध्ये काम अर्धवट थांबलेलं दिसतं, एका बाजूच्या खिडक्या नक्षीदार आणि दुसऱ्या बाजूला तीस-चाळीस वर्षांनी पूर्ण केलेल्या साध्या. हर्टफर्डशायरमध्ये ॲशवेलच्या चर्चमध्ये टॉवरच्या आतल्या भिंतीवर कुणीतरी लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय, १३५० चं साल घालून, की दीनवाणे, बेभान, उरलेसुरले लोकच काय ते साक्षीला राहिलेत. पुढे १३६१ च्या वादळाचीही नोंद आहे. अशा भिंतीसमोर उभं राहून मला तरी काही बोलवत नाही.

आता फसवणूक कुठे होते ते. खिडकी बदलणं सोपं, भिंत बदलणं अवघड. म्हणून पर्पेंडिक्युलर खिडकी असलेली भिंत नॉर्मन असू शकते, अगदी सर्रास असते. खिडकीच्या भोवतालचे दगड बघा, नव्या खिडकीसाठी जुनी भिंत फोडल्याच्या खुणा मिळतात. नियम एवढाच, खिडकीचं वय म्हणजे भिंतीचं वय नाही, भिंत त्या खिडकीइतकी किंवा तिच्याहून जुनी, एवढंच म्हणायचं.

दरवाजे, पोर्च आणि आवार

मुख्य दरवाजा बहुतेकदा दक्षिणेला असतो आणि पुढे पोर्च. पोर्च म्हणजे नुसता पावसापासून आडोसा नव्हता, लग्नाचा पहिला विधी, करार, पैशांची देवाणघेवाण तिथे चालायची. बर्फर्डचा दक्षिणेचा पोर्च तीन मजली आहे, पंधराव्या शतकातला, आणि त्यावरूनच कळतं की इथल्या व्यापाऱ्यांना गावात येणाऱ्याने आधी काय बघावं असं वाटत होतं. पश्चिमेला मात्र जुना नॉर्मन दरवाजा ठेवला आहे. चांगलं कोरलेलं दार नव्या भिंतीत परत बसवायची पद्धत होती, त्यामुळे चर्चमधली सगळ्यात जुनी गोष्ट कित्येकदा दरवाजाच निघते. हेरफर्डशायरमध्ये किल्पेकचा दरवाजा बघाच, ११४० च्या सुमाराचा, लाल दगडातली वेलबुट्टी, साप, पक्षी, योद्धे इतके कोरीव की नऊशे वर्षांपूर्वीचं आहे हे पटत नाही, आणि छपराच्या खाली बाहेरून सगळीकडे प्राण्यांची, माणसांची डोकी कोरलेली आहेत.

दक्षिणेच्या भिंतीवर, दाराजवळ, डोळ्यांच्या उंचीवर एक छोटं भोक आणि त्यातून खाली पसरलेल्या रेघा दिसल्या तर ते प्रार्थनेची वेळ बघायचं सावलीचं घड्याळ. भोकात काडी खोचायची आणि सावली कुठल्या रेघेवर पडते ते बघायचं. हे पोर्चच्या आत, जिथे ऊन पोचतच नाही अशा जागी सापडलं, तर पोर्च नंतर बांधलाय हे सिद्ध झालं.

आवारात कबरी वाचताना एक लक्षात घ्या, बाहेरचे उभे दगड बहुतेक सतराव्या शतकानंतरचेच असतात, त्याआधी सामान्य माणसाच्या कबरीवर टिकाऊ खूण नसायची. म्हणजे तुम्ही चालताय त्या गवताखाली शेकडो वर्षांची माणसं आहेत, आणि म्हणूनच आवाराची जमीन कधीकधी चर्चच्या भिंतीपाशी उंच झालेली दिसते. बार्टन-अपॉन-हंबरला १९७८ ते १९८४ उत्खनन झालं तेव्हा सुमारे २,८०० दफनं मिळाली, एका गावातल्या एका चर्चची. बर्फर्डच्या आवारात दगडी पेट्यांसारख्या कबरी आहेत ज्यांच्या डोक्यावर आडव्या, रेघा कोरलेल्या गुंडाळ्या आहेत. स्थानिक लोक त्यांना लोकरीचे गठ्ठे म्हणतात. लोकरीचा संबंध तसाही खोल आहे, १६६६ आणि नंतर १६७८ च्या कायद्याने प्रेताला लोकरीच्याच कापडात गुंडाळून पुरायची सक्ती केली होती, धंदा टिकावा म्हणून.

आत गेल्यावर आधी उभे राहा

आत आल्यावर पश्चिमेच्या टोकाला जा आणि पूर्वेकडे तोंड करून दोन मिनिटं नुसते उभे राहा. दोन्ही बाजूंच्या कमानींच्या रांगा सारख्या आहेत का? नसतातच बहुतेक वेळा. एका बाजूला जाड गोल खांब आणि गोल कमानी, दुसऱ्या बाजूला अष्टकोनी खांब आणि टोकदार कमानी असतील, तर एक आइल आधी जोडलं, लोकसंख्या वाढली किंवा कुणी पैसे दिले तेव्हा दुसरं. कमानींच्या वर बघा, कधी एखादी बुजलेली छोटी खिडकी दिसते जी आता आतच आहे, म्हणजे एके काळी ती बाहेरची भिंत होती आणि तिला भोकं पाडून कमानी केल्या.

बर्फर्डला दक्षिणेच्या बाजूला एक मोठं चॅपल, म्हणजे वेगळं प्रार्थनागृह, थोडं तिरकं बसलेलं वाटतं, नकाशा काढायला घेतला की लगेच जाणवतं. ते आधी आवारात सुटं उभं होतं, व्यापाऱ्यांच्या गिल्डचं, म्हणजे संघटनेचं, स्वतःचं चॅपल, १२०० च्या सुमाराचं, आणि पंधराव्या शतकात चर्च वाढत वाढत त्याच्यापर्यंत आलं आणि त्याला पोटात घेतलं. म्हणून म्हणतो, कागदावर हातानेच नकाशा काढा, सुंदर नको, पावलांनी मोजून चालेल, पण काढा. तिरपेपणा, भिंतींची कमी-जास्त जाडी, कुठे पायऱ्या चढतात, हे डोळ्यांनी निसटतं आणि पेन्सिलीला सापडतं.

मग चॅन्सेलकडे जा. रोममध्ये भरलेल्या १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने भाकर आणि वाइन प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात हा सिद्धांत पक्का केला, वेदीपाशी चालणाऱ्या विधीचं महत्त्व वाढलं, आणि तेराव्या शतकात कित्येक गावांनी जुनं आखूड, कधी अर्धगोल चॅन्सेल पाडून लांब चौकोनी बांधलं. वेदीच्या उजव्या हाताला, दक्षिणेच्या भिंतीत, खाली छोटं भोक असलेला कोनाडा दिसेल, पवित्र भांडी धुतलेलं पाणी त्यातून जमिनीत जायचं. त्याच्या शेजारी भिंतीतच धर्मगुरूंची दगडी आसनं. आणि असा पाण्याचा कोनाडा आइलच्या टोकाला सापडला तर तिथेही एके काळी वेदी होती, आता कितीही खुर्च्या आणि प्रार्थनागीतांच्या नंबरांचे बोर्ड ठेवलेले असोत.

नेव्ह आणि चॅन्सेलच्या मधल्या कमानीपाशी बाजूच्या भिंतीत एखादं लहानसं दार शोधा, बरेचदा वरच्या बाजूला, कुठेच न जाणारं. तिथून एक अरुंद जिना वर जायचा, कमानीत लाकडी पडदा होता, त्यावर सज्जा आणि त्याच्यावर क्रुसावरच्या येशूची मोठी मूर्ती, दोन्ही बाजूंना मेरी आणि जॉन. मूर्ती गेल्या, सज्जा गेला, जिन्याचं दार राहिलं.

मूर्ती गेल्या त्या कशा

हा भाग जरा सावकाश समजून घ्या, कारण चर्च इतकं पांढरं आणि रिकामं का, याचं उत्तर यात आहे. १५३० पर्यंत आतली प्रत्येक भिंत रंगवलेली होती, कमानीच्या वर शेवटच्या न्यायाचं चित्र, उत्तरेच्या भिंतीवर मुलाला खांद्यावर घेतलेला सेंट क्रिस्टोफर, कोनाड्यांत मूर्ती, पुढे मेणबत्त्या. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपचा अधिकार तोडला, पण गावातल्या चर्चला खरा धक्का बसला तो त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या १५४७ ते १५५३ च्या काळात. चित्रांवर चुना फासला, दगडी वेद्या फोडून लाकडी टेबलं आणली, मृतांसाठी प्रार्थना करणारी चॅपलं बंद करून त्यांची इस्टेट सरकारजमा केली. मग कॅथलिक मेरी राणी आली आणि सगळं परत मांडायला सांगितलं. १५५८ ला ती गेली, एलिझाबेथ आली, परत काढा. एकाच माणसाने एका आयुष्यात हे सगळं बघितलं.

अक्षरशः एकाच माणसाने. डेव्हनमधल्या मोरबाथ या छोट्या गावात क्रिस्टोफर ट्रिकी नावाचा धर्मगुरू १५२० पासून १५७४ पर्यंत होता, आणि त्याने चर्चचे हिशेब स्वतः लिहून ठेवले आहेत. काय विकलं, काय लपवलं, काय परत आणलं. १५४९ ला नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध बंड झालं त्यात गावाने पाच तरुण पाठवले, त्याचाही खर्च त्यात आहे. असे हिशेब फार थोड्या गावांचे राहिलेत पण ज्या चर्चला तुम्ही जाताय तिथे काय झालं असेल याची कल्पना त्यावरून येते.

दुसरी लाट राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात. विल्यम डाउजिंगने १६४३-४४ मध्ये केंब्रिजशायर आणि सफकमध्ये गावोगाव जाऊन काचा, क्रूस, देवदूत फोडवले आणि त्याची रोजनिशी ठेवली. म्हणून मध्ययुगीन रंगीत काच बहुतेक ठिकाणी तुकड्या-तुकड्यांत दिसते, खिडकीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे काठी पोचली नाही. पूर्ण संच बघायचा तर बर्फर्डपासून फार लांब नसलेल्या फेअरफर्डला जा, लोकर व्यापारी जॉन टेम आणि त्याचा मुलगा एडमंड यांनी चर्च नव्याने बांधलं आणि तिथल्या २८ खिडक्यांची, १५०० नंतरच्या काही वर्षांतली काच आजही जागेवर आहे.

टॉर्च आता काढा. भिंतीवर सरळ मारू नका, भिंतीला जवळजवळ समांतर धरून बाजूने उजेड टाका. खांबांवर, दाराच्या चौकटीवर, कुंडावर कोरलेल्या खुणा एकदम उठून येतात, कंपासने काढलेली फुलं, एकमेकांत अडकवलेले दोन व्ही, जहाजं, नावं. बर्फर्डला बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी नेमकं हेच करा. कुंडाच्या शिशाच्या अस्तरावर एक नाव खरवडलेलं आहे, अँथनी सेडली, १६४९, आणि पुढे कैदी असा शब्द, तोही चुकीच्या स्पेलिंगचा. पार्लमेंटच्या बाजूचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या स्वतःच्या सैन्यातले लेव्हलर, म्हणजे मताधिकार आणि थकलेला पगार मागणारे सैनिक, मे १६४९ मध्ये पकडले गेले आणि तीनशेहून जास्त जणांना या चर्चमध्ये कोंडलं. १७ मेला त्यातल्या तिघांना बाहेर आवारात गोळ्या घातल्या, बाकीच्यांना ते बघायला लावलं. सेडली वाचला. अक्षरं वेडीवाकडी, खोल आहेत, ज्याला वेळच वेळ होता आणि पुढे काय होणार माहीत नव्हतं अशा माणसाच्या हातची.

स्मारकं

इथे प्रत्येक दगड वाचत बसू नका, दोन-तीन निवडा आणि नीट बघा. बर्फर्डला एडमंड हार्मनचं १५६९ चं स्मारक आहे, हा आठव्या हेन्रीचा न्हावी. खाली त्याची सोळा मुलं रांगेत कोरलेली, आणि भोवती चक्क दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी, पिसांचे मुकुट घातलेले. इंग्लंडमधल्या अशा सगळ्यात जुन्या चित्रणांपैकी ते एक समजलं जातं. दुसरं न्यायाधीश सर लॉरेन्स टॅनफील्ड यांचं, १६२८ मधलं, छतासकट, रंगीत, खाली दगडी सांगाडा. त्याच्या बायकोने ते परवानगी न घेताच उभं केलं. गावात त्याच्याबद्दल प्रेम नव्हतं, जागा मात्र सगळ्यात मोठी. नॉर्थलीचला जमिनीवरच्या पितळी पत्र्यांत लोकर व्यापारी भेटतात, १४५८ मध्ये वारलेल्या जॉन फोर्टीचा एक पाय मेंढीवर आणि एक लोकरीच्या पोत्यावर. पैसे कुठून आले ते त्याने लपवलं नाही.

व्हिक्टोरियन हात ओळखणं

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि लोक नेमकी हीच गाळतात. तुम्हाला आत जे मध्ययुगीन वाटतं त्यातलं बरंचसं १८४० ते १९०० मधलं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं असतं. खुणा अशा: चकचकीत नक्षीदार फरश्या, एकसारखी पिवळसर पाइनची बाकं, चॅन्सेलला चढत्या पायऱ्या, कोपऱ्यात कोंबलेला ऑर्गन, कडा अजून धारदार असलेलं कोरीव काम, आणि आतून गिलावा खरवडून उघडा केलेला ओबडधोबड दगड. हा उघडा दगड बघून "किती ओरिजिनल" असं वाटतं, पण मध्ययुगात तो कधीच असा दिसत नव्हता, त्याच्यावर गिलावा आणि चित्रं होती, आणि खरवडताना ती चित्रंही गेली.

बर्फर्डला १८७० च्या दशकात आर्किटेक्ट जॉर्ज एडमंड स्ट्रीटने काम केलं. कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिसने १८७६ मध्ये ते बघितलं आणि तो भडकला. त्याने तक्रार केली तेव्हा तिथल्या धर्मगुरूने, चर्च माझं आहे, वाटलं तर मी त्यात डोक्यावर उभा राहीन, असं उत्तर दिल्याची गोष्ट सांगतात. पुढच्याच वर्षी ट्युक्सबरीच्या जुन्या चर्चवर आर्किटेक्ट गिल्बर्ट स्कॉटचं काम होणार हे कळल्यावर मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणाची सोसायटी काढली, दुरुस्ती करा पण जुनं असल्याचं सोंग आणू नका, हे तिचं म्हणणं, आणि ती आजही चालू आहे. आणि हा गिल्बर्ट स्कॉट आपल्या ओळखीचा आहे, मुंबई विद्यापीठाची फोर्टमधली इमारत आणि राजाबाई टॉवर त्याच्याच डिझाइनचे, मुंबईत पाऊल न ठेवता केलेले.

मुंबईत राहणाऱ्यांनी खिडक्यांचा सराव कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये करावा असं मी मनापासून सांगेन. १८५८ ला प्रार्थनेसाठी खुलं झालेलं, हेन्री कोनीबिअरचं डिझाइन, मुद्दाम तेराव्या शतकातल्या इंग्लिश पॅरिश चर्चसारखं, लॅन्सेट खिडक्या, नेव्ह, आइल, चॅन्सेल सगळं जागच्या जागी. तिथे एकच थर आहे, त्यामुळे भाग ओळखायला सोपं जातं, आणि एकदा ते डोक्यात बसलं की बर्फर्डमधला गुंता सोडवता येतो.

ऐकीव गोष्टींचं काय करायचं

उत्तरेचं बुजलेलं दार सैतानाला बाहेर जायला होतं, पाय एकमेकांवर टाकलेला दगडी सरदार म्हणजे क्रुसेडला, जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाला, गेलेला, चॅन्सेलमधली खालची खिडकी महारोग्यांसाठी. या तीन गोष्टी तुम्हाला जवळजवळ प्रत्येक गावात ऐकवतील. ऐकून घ्या, प्रेमाने सांगतात ते लोक, पण वहीत लिहू नका. उत्तरेचं दार मिरवणुकीत वापरायचे, मिरवणुका बंद झाल्या आणि थंड वारा येत होता म्हणून बुजवलं. पाय टाकायची पद्धत ही तेराव्या-चौदाव्या शतकातल्या कारागिरांची आवड, कधीच क्रुसेडला न गेलेल्यांचेही पाय तसेच आहेत.

घरी आल्यावर

नकाशावर प्रत्येक भागाला काळानुसार रंग द्या, नॉर्मनला एक, तेराव्या शतकाला एक, असं. जिथे खात्री नाही तिथे रंग न भरता प्रश्नचिन्ह ठेवा. आता हिस्टॉरिक इंग्लंडची नोंद उघडून ताडून बघा. आणखी खोलात जायचं असेल तर परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये जा. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनांची नोंद ठेवायला लावली, त्या नोंदी आणि जिथे राहिले असतील तिथे चर्चवॉर्डनचे, म्हणजे गावातर्फे चर्चचा कारभार बघणाऱ्यांचे, हिशेब तिथे मिळतात, आणि व्हिक्टोरियन कामाच्या परवानग्यांसोबत कधी कधी आधीचा नकाशाही सापडतो, तो मिळाला तर तुमचा रंगीत नकाशा त्याच्याशेजारी ठेवून बघा, काय काय पुसलं गेलं ते लगेच दिसेल.

बर्फर्डचा बेत करत असाल तर तिथे रेल्वे स्टेशन नाही, बस किंवा गाडीनेच जावं लागतं. चर्चला निदान दोन तास द्या, मग विंडरश नदीच्या काठाने चालत विडफर्डला जा, शेतात एकटं उभं असलेलं छोटं चर्च, भिंतीवर चौदाव्या शतकातली चित्रं आणि जमिनीत रोमन मोझेइकचा तुकडा. तसंच पुढे स्विनब्रुक, तिथे फेटिप्लेस घराण्याचे सहा पुरुष दगडी फळ्यांवर कोपरावर रेलून, एकाच्या वर एक, पहुडलेले आहेत, तीन एका पिढीच्या शिल्पकाराचे आणि तीन पुढच्या, दोन्हींमधला फरक शोधायला मजा येते. हिवाळ्यात चार वाजताच अंधारतं, तेव्हा सकाळीच निघा, आणि निघताना दानपेटीत काहीतरी टाका, बऱ्याच ठिकाणी आता कार्डही चालतं. छपराचं शिसं, गळकी पन्हळं, वर्षानुवर्षांची डागडुजी, यातला मोठा खर्च आजही त्या गावातली मूठभर माणसंच उचलतात.